मंदीतल्या नगरपालिकेचं दप्तर कसं वाचावं

पाणीपट्टीच्या टेबलावर एकवीस वर्षं आणि रेकॉर्ड रूममध्ये अकरा, अशी माझी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी महिन्यातून एखादा फोन येतोच. "ताई, आमच्या पालिकेची १९३० सालची बुकं सापडलीत. त्यात नक्की बघायचं काय?" कुणाला प्रबंध लिहायचा असतो, कुणाला शतकमहोत्सवी स्मरणिका काढायची असते, कुणाचे आजोबा त्या काळात सभासद होते म्हणून उत्सुकता असते. दरवेळी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधीच सांगते, १९२९ नंतरच्या जागतिक मंदीचा माग काढायचा असला तरी 'मंदी' हा शब्द शोधायला जाऊ नका. आमच्याकडे १९२९ ते १९३५ ची सात प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या कामकाजाच्या वह्या, होती आणि त्यांत तो शब्द मला दोनदा भेटला. तोही अध्यक्षांच्या भाषणात. भाषणं सोडून द्या. दुरुस्ती कशाची थांबली ते बघा.

बुकं मिळवणं ही पहिली पायरी. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करा आणि स्वतः जाऊन भेटा. काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. उत्तर बहुधा "सदर अभिलेख आढळून येत नाही" असं येतं. त्यावर विश्वास ठेवू नका, भांडूही नका. कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या शिपाई मामांना चहा पाजा. आमचं १९३२ चं बुक जन्म-मृत्यू विभागाच्या कपाटाखाली पाय टेकवायला लावलेलं होतं, आणि ते ठाऊक होतं एकट्या मामांना.

गावचं मुळीच काही उरलं नसेल तर मुंबईत पुराभिलेखागारात जा. मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांच्या कर आणि खर्चाचा वार्षिक अहवाल सरकार छापत असे, त्यात गावागणिक आकडे मिळतात. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे यादीत आपल्या गावाच्या मागेपुढे सिंधी गावं आली तर गोंधळू नका.

रुमाल, म्हणजे जुने कागद बांधलेलं कापडी गाठोडं, सोडताना नाकाला फडकं बांधा. कसर लागलेली पानं एकदम उलटू नका, बोटाला थुंकी लावून तर मुळीच नाही. टिपणं पेन्सिलीनं घ्या. फोटो खिडकीच्या उजेडात काढा, पहिला फोटो नेहमी मुखपृष्ठाचा. नाहीतर घरी गेल्यावर चारशे फोटो असतात आणि साल कुठलं ते कळत नाही. हे माझ्याच बाबतीत झालंय.

आता गाव कुणाच्या राज्यात होतं ते ठरवा, कारण त्यावर भाषा, कायदा आणि नाणंसुद्धा ठरतं. मुंबई इलाख्यातल्या लहान गावांना १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदा लागू होता, मोठ्यांना १९२५ चा बरो म्युनिसिपालिटी कायदा. वऱ्हाड-नागपूरकडे मध्यप्रांताचा १९२२ चा. मराठवाडा निजामाकडे, म्हणजे कागद उर्दूत, साल फसली आणि पैसा हाली सिक्क्याचा. फसली सालात ५९० मिळवा म्हणजे इसवी सन अंदाजे निघतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. हाली रुपया इंग्रजी रुपयापेक्षा हलका, सात हालीचे साधारण सहा इंग्रजी. हे न बघता दोन गावांचे खर्च शेजारी शेजारी मांडणारे प्रबंध मी पाहिलेत.

लिपी बहुधा बाळबोध, म्हणजे देवनागरी, असते. पण शेरे, पावत्या आणि मक्तेदारांचे अर्ज मोडीत निघाले तर घाबरू नका. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवतात. शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. महिनाभर रोज एक पान लावलं की किरकोळ कागद वाचता येतात. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '५॥ रुपये' म्हणजे साडेपाच. हिशेबाच्या वहीत मात्र रुपये-आणे-पै असे तीन रकाने. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. बेरीज उजवीकडून करा. ४-१३-९ आणि २-७-८ घ्या: पै झाल्या सतरा, म्हणजे एक आणा पाच पै. आणे तेरा अधिक सात अधिक हातचा एक, एकवीस, म्हणजे एक रुपया पाच आणे. उत्तर ७-५-५. कॅल्क्युलेटरवर ४.१३ आणि २.०७ मारणारी मुलं येतात तेव्हा मी काही बोलत नाही, कागद पुढे सरकवते.

वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणून '३१' लिहिलंय म्हणजे १९३१ असं धरू नका, बजेट १९३१-३२ चं आहे की १९३०-३१ चं ते वर चढून बघा.

आता ठरावाची भाषा. ही शिकल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. "मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम केले" हा रोजचा रामराम. "सबब असे ठरले की" इथून खरा मजकूर सुरू होतो, त्याच्या आधीचं पान भर्रकन उलटलंत तरी चालेल. "पुढील बजेटचे वेळी विचार करावा" म्हणजे नाही. "फंडाची स्थिती पाहून" म्हणजेही नाही, पण मागणारा वजनदार आहे. "अर्ज दप्तरी दाखल करावा" म्हणजे नाही, आणि पुन्हा येऊ नका. मी ३१-३२ च्या बुकात या तिन्ही वाक्यांपुढे पेन्सिलीनं टिंबं दिली आणि मोजली. २८-२९ च्या बुकाशी ताडून पाहिलं तर टिंबं तिपटीच्या वर. मंदी मला पहिल्यांदा दिसली ती तिथे.

सभा कोरमअभावी तहकूब झाल्या असतील तर लगेच मंदीच्या नावावर टाकू नका. १९३० आणि १९३२ हे कायदेभंगाचे उन्हाळे. कुणी राजीनामा दिलेला असतो, कुणी तुरुंगात असतो. मे १९३० मध्ये सोलापुरात तर मार्शल लॉ होता. हजेरीपट बघा. तीच तीन नावं सलग गैरहजर असतील तर कारण बाजारभावात शोधू नका.

पैसा कुठून आटला ते समजायला जमेची बाजू लावा. १९२९ नंतर चार वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, म्हणून बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून नाक्यावर माल नाही. ज्या मालावर जकात किमतीच्या हिशेबानं होती तिथे माल तेवढाच आला तरी जकात घसरली. घरपट्टी आणि पाणीपट्टीची मागणी कागदावर तेवढीच राहते, म्हणून नुसता मागणीचा आकडा पाहून "उत्पन्न स्थिर होते" असं लिहू नका. शेजारचा थकबाकीचा रकाना बघा. मग माफीचे ठराव, मग जप्तीचे. आमच्याकडे एका जप्तीच्या यादीत दोन तांब्याचे हंडे आणि एक पितळी समई आहे, आणि पुढच्याच ओळीला "लिलावात बोली आली नाही". माझ्या मते मक्त्यांचे, म्हणजे वसुलीचा किंवा मालाचा हक्क वर्षभरासाठी देण्याचे, लिलाव सगळ्यात खरं बोलतात. बाजार फी, गवत, पालिकेच्या आंब्याची झाडं, सोनखत (मैल्याचं खत) यांचे मक्ते दरसाल जायचे. पाच वर्षांच्या बोल्या एकाखाली एक लिहा. सभासद रंगवून सांगतील, मक्तेदार सांगणार नाही, त्याच्या खिशाचा प्रश्न असतो.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकत होती. ३१-३२ च्या हिवाळ्यात आमची वसुली अचानक वाढलेली दिसते. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली बांधणी सोडली, रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे इकडे सोन्याचा रुपयातला भाव चढला आणि देशभर घराघरांतून सोनं बाजारात आलं. आमची पाणीपट्टी कुणाच्या पाटल्या मोडून भरली गेली का? वहीत तसं लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, आणि तुमच्या गावात असाच उंचवटा दिसला तर तुम्हीही अंदाज म्हणूनच लिहा.

आता खर्च. इथे नवखे लोक फसतात, आणि मीही फसले. दिवाबत्तीच्या खर्चात ३३-३४ साली रॉकेल निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. मी स्मरणिकेत झोकात लिहून दिलं, "मंदीच्या काळात पालिकेने दिवाबत्तीत कमालीची काटकसर केली." छापून आल्यावर निवृत्त वायरमन काका घरी आले आणि म्हणाले, "बाई, त्या साली चौकात वीज आली की." विजेचं बिल 'किरकोळ' या सदराखाली टाकलेलं होतं, कारण बजेटात वीज नावाचं सदरच नव्हतं. दोन्ही मिळून खर्च वाढला होता! तेव्हापासून नियम: एखाद्या सदरात पैसा कमी दिसला की तो दुसऱ्या कुठल्या सदरात शिरला का ते आधी बघायचं, मग काटकसरीचं कौतुक.

खरी काटकसर रॉकेलच्या वाटपवहीत सापडली, वीज येण्याच्या आधीच्या सालांत. डबा चार गॅलनचा, म्हणजे आपले अठराएक लिटर. दिवेवाल्याला रोज किती रॉकेल मोजून दिलं त्याची तारीखवार नोंद. काही दिवस सलग कोरे. मला वाटलं दिवेवाला आजारी असेल. मग दर महिन्याला तेच दिसलं, पण तारखा सरकत होत्या. जुनं पंचांग काढून शेजारी ठेवलं तेव्हा उलगडलं: शुद्ध अष्टमीपासून वद्य चतुर्थीपर्यंत दिवे बंद. चांदण्या रात्री रॉकेल कशाला जाळायचं! आधी ही सवलत पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-दोन दिवस होती, ती ३१ साली ताणून अष्टमीवर आणली. त्याच श्रावणातला एक अर्ज बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, आहे, खालच्या आळीच्या रहिवाशांचा. चांदणे आहे हे मान्य, पण ते ढगांच्या वर आहे, असा त्याचा आशय. शेरा: दप्तरी दाखल.

तेव्हा शेजारी पंचांग ठेवा. प्रोसिडिंग बुकाइतकंच ते लागतं.

आता मुख्य युक्ती. सगळी पालिका एकदम वाचायला जाऊ नका. एक वस्तू पकडा आणि तिच्या मागे सगळ्या वह्यांतून फिरा. मी पट्टा पकडला होता. विहिरीवर तेलाचं इंजिन, शेजारी पंप, आणि इंजिनाचा फिरता जोर पंपाला देणारा कातडी पट्टा. एवढ्यावर निम्म्या गावाचं पाणी.

सुरुवात आवक बारनिशीतून. जुलै १९३१, इंजिन ड्रायव्हरचा रिपोर्ट: पट्टा तीन ठिकाणी शिवलेला आहे, नवा मिळावा. बारनिशीच्या शेवटच्या रकान्यात सभेची तारीख असते, तिथून प्रोसिडिंग बुकात जा. नव्या पट्ट्याचं दरपत्रक मुंबईहून आलं होतं, बेचाळीस रुपये. सबब असे ठरले की सध्या शिवून चालवावे. मग व्हाउचरांचा गठ्ठा. हा तारेत ओवलेला असतो, गंजलेली तार जपून सोडा. वादी (शिवायची कातडी पट्टी) आणि मोच्याची मजुरी, दहा आणे. दीड महिन्यानं पुन्हा, चौदा आणे. पुन्हा. दीड वर्षात अशी अकरा व्हाउचरं, प्रत्येकावर त्याच मोच्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. एकाच्या मागे ड्रायव्हरनं पेन्सिलीनं लिहिलंय, "पट्टा तुटून भिंतीवर बसला. दोन दिवस पाणी नाही." ही नोंद सभेच्या बुकात नाही. सभेत त्या आठवड्यात स्वागत कमानीची चर्चा होती.

पुढे इंजिनाच्या लॉगबुकात जा. रोज किती तास चाललं ते तिथे कळतं. ३१ च्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, ३२ च्या उन्हाळ्यात फक्त सकाळ. मग बिगारी कामाचं मेजरमेंट बुक, आणि शेवटी ऑडिट. १९३० मध्ये मुंबई इलाख्यात स्थानिक निधीच्या लेखापरीक्षेचा स्वतंत्र कायदा झाला, त्यामुळे नंतरच्या सालांचे आक्षेप नीट सापडतात. ऑडिटरनं आमच्या अकरा व्हाउचरांवर एकच प्रश्न टाकलाय: वारंवार दुरुस्तीपेक्षा नवीन खरेदी का केली नाही? उत्तराची जागा कोरी आहे. नवा पट्टा १९३३ च्या जानेवारीत आला, छत्तीस रुपयांना. भाव पडल्याचा तेवढा एक फायदा गावाला झाला.

व्हाउचर बघताना एक गंमत: वीस रुपयांहून जास्त रकमेच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं. त्यामुळे सत्तावीस रुपयांचं काम वीस आणि सात अशा दोन पावत्यांत दिसलं तर लगेच भ्रष्टाचार म्हणून ओरडू नका. मक्तेदार आणा वाचवतोय.

पगारपत्रक मात्र सावकाश वाचा. सरकारनं १९३१ च्या अखेरीस आपल्या नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. आमच्या पालिकेनं तीच री ओढली, आणि कपात वरपासून खालपर्यंत लावली की नाही हे बघण्यासाठी मी दोन सालांची पत्रकं शेजारी ठेवली. हेडक्लार्कचे दहा टक्के गेले. सफाई कामगारांचा दर तोच ठेवला, पण माणसं कमी केली आणि प्रत्येकाच्या वाट्याला गल्ल्या वाढवल्या. ठरावात याला "कामाची फेरवाटणी" म्हटलंय. पत्रकात या माणसांच्या नावापुढे जात लिहिलेली असते, कधी नावाऐवजी नुसती जातच असते. उतरवून घेताना मूळ जसंच्या तसं अवतरणात ठेवा, पण स्वतःच्या वाक्यात तो शब्द वापरू नका.

पाण्याच्या बाबतीतही हेच विचारा: नळकोंडाळी कुठे होती, कुणाच्या वस्तीला लाइन शेवटी गेली, आणि काम थांबवलं तेव्हा कुठली लाइन थांबली. ठराव सापडला म्हणजे पाणी पोचलं असं धरू नका. महाडचं डोळ्यासमोर ठेवा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, ठराव झाला, जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी लोकांसह तळ्याचं पाणी घेतलं, आणि ऑगस्टमध्ये पालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. पुढे दावा. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१, अपील १९३३, हायकोर्ट १७ मार्च १९३७. मंदीची सगळी वर्षं एका नगरपालिकेचं तळं कोर्टात होतं. म्हणून तुमच्या बुकात पाण्याचा ठराव दिसला की पुढची पाच वर्षं त्याचा पाठपुरावा करा. रद्द झाला का, कुणी रद्द केला, सूचक कोण, अनुमोदक कोण.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, सालांत विहिरीत पोटॅश परमँगनेट टाकल्याच्या नोंदी येतात. त्या आरोग्य खात्यात असतात, पाणीपुरवठ्यात नाहीत. बाकी आरोग्याकडे मी फार वेळ दिला नाही, तो माझा विषय नव्हे.

कागद झाले की गावात फिरा, आणि पाणीपुरवठ्यातला एखादा जुना फिटर बरोबर घ्या. आमच्या फिटर काकांनी मला पेठेतल्या खड्ड्यात उतरवून जुन्या बिडाच्या पाइपाचा सांधा दाखवला. आधी ताग ठासलेला, त्यावर शिसं ओतून छिन्नीनं बसवलेलं. शिशावर छिन्नीच्या खुणा अजून मोजता येत होत्या. शेजारचाच सांधा वेगळा होता: शिसं जेमतेम ओठाएवढं, आत सगळा ताग. काका म्हणाले, "हा कुणीतरी कंजुषीनं भरलाय." मी वही उघडली. त्या लाइनीचं काम नोव्हेंबर १९३२ चं होतं, आणि एस्टिमेटात शिशाच्या आकड्यावर लाल शाईनं काट मारून निम्मा आकडा लिहिलेला होता.

फिरायला जाताना नकाशाची प्रत, टॉर्च आणि पाण्याची बाटली न्या. जुन्या टाकीखाली आता नळ नाही.